पेउसिजुएक

पेउसिजुएक : इंडोनेशियात सुमात्रा बेटाच्या वायव्य टोकाला असलेल्या आचे प्रांतातील शीतलनविधी. आचेनी भाषेत ‘सिजुएक’ म्हणजे थंड. ‘पेउ-’ या प्रयोजक उपसर्गाने ‘थंड करणे’ असा अर्थ होतो. नवे घर, हजयात्रा, मिटलेले भांडण अशा अनेक प्रसंगी तो होतो, पण सर्वांत थाटाने विवाहात.

नवरदेव (लिंतो बारो) वाजतगाजत नवरीच्या (दारा बारो) घरी येतो. दारात विड्याची तबके दिली-घेतली जातात, मग दोघांना सजवलेल्या आसनावर बसवतात. विधी करणारी वडीलधारी मंडळी विषम संख्येत असतात. प्रथम तांदूळ आणि साळी एकत्र करून अंगावर टाकतात. नंतर तांदळाचे पीठ कालवलेले पाणी (तेउपोंग तावेउए) पाने व गवताच्या जुडीने हातांवर शिंपडतात. जुडीत पानफुटीची पाने गारव्यासाठी असतात. ‘नालेउएंग सांबो’ हे सहज न उपटणारे गवत घट्ट मुळांसाठी. शेवटी हळदीने पिवळ्या केलेल्या चिकट भाताची चिमूट उजव्या कानामागे लावून हातात पैसे ठेवतात (तेउमेउतुएक). हा तांदूळ भिजवून वाफवावा लागतो. पाण्यात शिजवला तर लगदा होतो आणि चिमूट धरत नाही. पिठाचे पाणी दाट झाले, तर पोशाखाच्या जरीच्या काळ्या मखमलीवर पांढरे डाग उठतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. तांदूळ आणि हळद पाहून हा इस्लामपूर्व भारतीय प्रभावाचा अवशेष मानला जातो. मराठी वाचकाला अक्षता आठवतीलच. पण निव्वळ साम्य हा पुरावा नव्हे. ‘तेउपोंग तावेउए’ हे मलय ‘तेपुंग तावार’चे आचेनी रूप असून ‘तावार’मध्ये विष वा बाधा उतरवण्याचा भाव आहे. या नावाचे विधी मलय द्वीपकल्पात आणि बोर्निओतही आहेत. उष्ण ते अनिष्ट, थंड ते सुरक्षित ही धारणाही ऑस्ट्रोनेशियन (मादागास्करपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेल्या भाषाकुलाच्या) समाजांत दूरवर आढळते. म्हणून गाभा स्थानिक आणि भारतीय अंश मागाहून मिसळलेला असावा, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पानफुटी मूळची मादागास्करची. तेव्हा निदान आजची जुडी तरी फार प्राचीन नसावी. डच अभ्यासक स्नूक हुर्खरोन्ये यांच्या १८९३–९४ मधील आचेविषयक डच ग्रंथात या विधीचे वर्णन आहे.

सुधारणावादी उलेमांनी (धर्मपंडितांनी) याला बिदत, म्हणजे धर्मात मागाहून घुसवलेली प्रथा, ठरवले. परंपरावादी बाजूने फातिहा (कुराणाचा पहिला अध्याय), सलवात (पैगंबरांसाठीची प्रार्थना) आणि दुआ जोडून तो राखला.

मेहर (विवाहात वराने वधूला द्यायचे धन) ‘मायाम’ या सोन्याच्या मापात ठरतो (१ मायाम सुमारे ३.३ ग्रॅ.). सोयरीक वराकडून मोडल्यास आधी दिलेले खुणेचे सोने बुडते, वधूकडून मोडल्यास दुप्पट परत करावे लागते. विवाहानंतर नवरा बहुधा पत्नीच्या माहेरी राहायला जातो. पत्नीला ‘पो रुमोह’, म्हणजे घरधनीण, म्हणतात.