जैव गाळणीतील कवचधारी

मत्स्यसंवर्धनाच्या पुनर्चक्री पद्धतीत, म्हणजे पाणी गाळून पुन्हा त्याच टाक्यांत फिरवण्याच्या पद्धतीत, जैव गाळणीच्या (जिवाणूंकरवी पाण्यातील अमोनिया हटवणाऱ्या गाळणीच्या) माध्यमावर, म्हणजे जिवाणूंना आधार देणाऱ्या खडी किंवा स्पंजावर, बुळबुळीत थर आणि विष्ठेचा भुगा साचतो. तो चरून पाण्याच्या वाटा मोकळ्या ठेवण्यासाठी गाळणीत सोडलेल्या लहान कवचधारी (क्रस्टेशिया) प्राण्यांना ही संज्ञा लावतात. हे बहुतेक समपाद (आयसोपोडा) व उभयपाद (अँफिपोडा) गणांतील असतात. युरोपातील ॲसेलस ॲक्वाटिकस व गॅमारस प्युलेक्स आणि उत्तर व मध्य अमेरिकेतील हायलेला अझ्टेका या त्यांतील परिचित जाती होत.

उगम : प्रथेचे मूळ कोठे मानावे, हे ‘गाळणी’ या शब्दाची व्याप्ती किती धरतो यावर ठरते. मत्स्यपालकांपुरते पाहिल्यास ही हौशी मत्स्यालये व कोई माशांच्या तळ्यांतून आलेली, मुख्यतः तोंडी पसरलेली रीत आहे. तिला नेमके साल देता येत नाही. चराईचे तत्त्व मात्र सांडपाण्याच्या पाझर-गाळण्यांत (दगडांच्या थरावरून सांडपाणी झिरपवणाऱ्या गाळण्यांत) आधीच नोंदले गेले होते. अशी मोठी गाळणी इंग्लंडमधील सॅलफर्ड येथे साधारण १८९३ मध्ये उभी राहिली असे सामान्यतः मानतात. अमेरिकेतील लॉरेन्स (मॅसॅच्युसेट्स) येथील प्रयोग त्याच सुमाराचे किंवा थोडे आधीचे. दगडांवरचा थर वाढून गाळणीवर पाणी तुंबणे हा या गाळण्यांचा मोठा दोष होता. कृमी, उडणाऱ्या माश्यांच्या अळ्या व स्प्रिंगटेल (बारीक, बिनपंखी, कीटकांसारखे प्राणी) हे जीव तो थर चरून तुंबणे आटोक्यात ठेवतात, हे पुढे स्पष्ट झाले. लेखी पुरावा या बाजूला अधिक असल्याने तत्त्वाचा उगम येथे धरणे युक्त वाटते.

आहार : ॲसेलस नेमके काय खातो यावर बरीच चर्चा झाली आहे. ग्रासा, माल्टबी व कॅलो (१९९३) यांच्या अभ्यासानुसार तो कुजणाऱ्या पानावरील बुरशी खरवडून खातो, तर गॅमारस बुरशीने मऊ झालेले पानच कुरतडतो. हा भेद गाळणीत महत्त्वाचा ठरतो. थर सोलण्यासाठी ॲसेलस सरस; गॅमारस घन तुकडे बारीक करतो, परंतु तो भुगा पाण्याबरोबर पुढे जातो. शिवाय गॅमारस ॲसेलसलाही खातो, म्हणून दोन्ही एकत्र ठेवू नयेत.

कार्य व मर्यादा : हे प्राणी पाणी शुद्ध करतात हे विधान सर्रास आढळते, पण ते चुकीचे आहे. ३५% प्रथिनांच्या १ किग्रॅ. खाद्यातून सुमारे ३२ ग्रॅ. अमोनिया-नायट्रोजन आणि कोरड्या वजनाने २५०–३०० ग्रॅ. घन मळ निघतो. कवचधारी त्यातील नायट्रोजन काढून टाकत नाहीत. उलट स्वतःच्या उत्सर्गाने अमोनियात किंचित भर घालतात. त्यांचा उपयोग वेगळा आहे. विष्ठेवर जगणारे जिवाणू झपाट्याने वाढून नायट्रीकरण (अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर) करणाऱ्या संथ जिवाणूंना झाकतात व त्यांचा ऑक्सिजन पळवतात. हा वरचा थर चरला गेला की पाणी आणि ऑक्सिजन आतपर्यंत पोचतात. खाल्लेल्या मळाच्या लेंड्या तळाशी बसतात. तो गाळ आठवड्यातून एकदा तरी तळाच्या झडपेतून काढावाच लागतो. न काढल्यास कवचधाऱ्यांचा काही उपयोग नाही. चराई अति झाली तरी नुकसान होते: नायट्रीकरण करणाऱ्या पाझर-गाळण्यांत गोगलगाई माजल्यावर जिवाणूंचा थरच नाहीसा झाल्याची उदाहरणे आहेत.

मांडणी : स्थिर खडी (८–२० मिमी.) किंवा उभा स्पंज योग्य. हलत्या माध्यमाच्या टाकीत प्राणी चेंगरतात, तर ड्रम गाळणीत (फिरत्या जाळीच्या पिंपात) त्यांना थारा नसतो. स्पंजातून पाण्याचा वेग मिनिटाला ५–१० सेंमी. ठेवतात, ५० × ४० सेंमी.च्या स्पंजाला ५ सेंमी. वेगाने ताशी ६०० लि. पाणी पुरते. जागा गाळ बसण्याच्या टाकीनंतर. पाणी बाहेर पडण्याच्या तोंडावर १ मिमी.ची जाळी लावावी. नवजात पिल्ले तिच्यातूनही निसटतात, तेवढे गृहीत धरावे. गाळणी पक्व झाल्यावर, म्हणजे तीत जिवाणू स्थिरावल्यावर, साधारण ४–६ आठवड्यांनी, थोडेच प्राणी सोडावेत. मादी अंडी पोटाखालच्या पिशवीत वागवते आणि तयार पिल्लेच बाहेर पडतात. तरंगती डिंभावस्था (अळीची अवस्था) नसल्याने प्रवाहातही वंश टिकतो. जंबो कोळंबीच्या डिंभांना मचूळ पाणी लागते, म्हणून ती येथे निरुपयोगी.

दोष : नायट्रीकरणात १ ग्रॅ. नायट्रोजनमागे सुमारे ७ ग्रॅ. क्षारता (पाण्याची आम्ल शमवण्याची क्षमता, कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) खर्च होते. ती नुसत्या खाण्याच्या सोड्याने भरून काढल्यास कॅल्शियम मिळत नाही आणि कात टाकलेले प्राणी मऊ राहून मरतात. सोबत शिंपल्यांचा चुरा घालावा. पंप बंद पडल्यास प्राणी माध्यमाच्या वरच्या थरात गर्दी करतात, ही ऑक्सिजन घटल्याची खूण. गॅमारस आधी मरतो, ॲसेलस तग धरतो. माशांच्या उवा (आर्ग्युलस) व नांगरकृमी (लर्निया) हेही कवचधारीच, त्यामुळे त्यांच्यावरील सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा डायफ्लुबेन्झुरॉन गाळणीतील प्राण्यांनाही मारते. तांबेयुक्त औषधांचेही तसेच. उपचार वेगळ्या टाकीत करावेत.

ओढ्यातून पकडलेले प्राणी थेट सोडणे धोक्याचे. ॲसेलस व गॅमारस हे माशांच्या आतड्यातील काटेरी डोक्याच्या कृमींचे मध्यस्थ पोशिंदे आहेत, म्हणजे कृमींची अळी यांच्या शरीरात वाढते आणि यांना खाल्लेल्या माशाला लागण होते. नारूचा प्रसार करणारा सायक्लॉप्सही कवचधारीच होता, हे येथे आठवावे. कवचधाऱ्यांच्या पिल्लांना काटेरी डोक्याच्या कृमींची लागण आईकडून होत नाही, माशांच्या विष्ठेतील अंड्यांमुळे होते. म्हणून मासे नसलेल्या टाकीत एक पिढी वाढवून तेथे जन्मलेली पिल्लेच वापरावीत.

भारतात : पुनर्चक्री संवर्धनाला २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतून अर्थसाहाय्य मिळते. ॲसेलस ॲक्वाटिकस येथील मूळ जाती नाही. तो थंड पाण्याचा असल्याने तिलापियाच्या २८–३०° से. पाण्यास योग्य नाही. परकी जाती आणण्यापेक्षा स्थानिक उभयपाद तपासणे इष्ट. कोळंबी संवर्धनात मात्र कोणतेही कवचधारी सोडू नयेत, कारण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू अनेक जातींच्या कवचधाऱ्यांत राहतो.