पार्श्वभूमी : नागपुरात ओस वर्ग, भरगच्च तुकड्या आणि पटाचं गणित

महापालिकेच्या शाळा बंद करण्याचा विषय नागपुरात निघाला की चर्चा पटसंख्येपासून सुरू होते आणि पटसंख्येपाशीच संपते. पट घटला, म्हणून शाळा नको. तो घटला कसा आणि मोजतात कसा, हे सहसा कोणी विचारत नाही.

शहराची नगरपालिका 1864 ची, महापालिका 1951 ची. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, म्हणून इथल्या पालिका शाळांत मराठीच्या जोडीला हिंदी आणि उर्दू माध्यमही आलं. या शाळा महाल, इतवारी, गांधीबागेसारख्या दाट वस्त्यांच्या हिशेबानं उभ्या राहिल्या. पुढे कुटुंबं मनीषनगर, बेसा, बेलतरोडीकडे सरकली, पण शाळा होत्या तिथेच राहिल्या. नव्या वस्त्यांमधली जागा खासगी इंग्रजी शाळांनी घेतली. स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा 2012 चा कायदा आला आणि अनुदान न मागणाऱ्या नव्या शाळांची वाट आणखी मोकळी झाली. पलीकडे कोणती शाळा रिकामी होत चालली आहे, हे बघून त्या मंजुऱ्या दिल्या गेल्या नाहीत.

आजच्या मोजदादीची पाळंमुळं ऑक्टोबर 2011 मध्ये आहेत. राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली, मुलांच्या बोटांना शाई लागली आणि हजेरीपटावर लाखो बोगस नावं निघाली. तेव्हापासून प्रशासन शाळेच्या आकड्याकडे संशयानं बघतं. तो संशय रास्तच होता, पण त्याची किंमत खऱ्या मुलांना मोजावी लागते.

ती कशी, हे संचमान्यतेत दिसतं. कोणत्या शाळेला किती शिक्षक मिळणार, हे तिथे ठरतं. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीला तिसामागे एक शिक्षक आहे आणि पट साठपर्यंत असला तरी किमान दोन. सहावी ते आठवीला पस्तिसामागे एक, शिवाय गणित-विज्ञान, भाषा आणि सामाजिक शास्त्रं यांना किमान एकेक. पण अलीकडे संचमान्यतेत धरतात ती आधार वैध झालेली, म्हणजे आधारमधला तपशील शाळेच्या नोंदीशी जुळलेली मुलंच. नावातलं एक अक्षर किंवा जन्मतारीख जुळली नाही, की रोज बाकावर बसणारं मूल हिशेबात नसतं. बांधकामावर मजुरीला आलेल्या कुटुंबांच्या मुलांचे कागद तर हमखास अडतात. कायद्यात काहीही असलं तरी 2024 च्या संचमान्यता निकषांत (ते पुढे येतात) वीसचा आकडा कळीचा आहे; पट त्याच्या आसपास असेल, तर अशी दोन-तीन मुलं वगळली गेली तरी शिक्षकाचं पद जातं. मग एकच गुरुजी दोन-तीन वर्ग सांभाळतात, ते बघून पालक मूल काढून नेतात आणि पुढच्या वर्षी पट आणखी खाली येतो. शाळा ओस पडली याचा दोष मात्र पालकांच्या इंग्रजीच्या ओढीवर टाकला जातो. ती ओढ आहेच, पण सगळं तिच्या माथी मारता येणार नाही.

डिसेंबर 2017 मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करण्याचा निर्णय राज्यभर गाजला. 2023 मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचा, म्हणजे जवळच्या लहान शाळा एकत्र करण्याचा विचार पुढे आला. नागपूर शहरात मराठी शाळा बंद झाल्याचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत गेला. महापालिकेनं आपल्याच इंग्रजी माध्यमाच्या शाळाही सुरू केल्या.

सर्वांत मोठा विरोधाभास 2024 चा. 9 फेब्रुवारीला नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी विनाअनुदानित शाळेला शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब आणि वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांची सक्ती नाही. थोडक्यात, गरिबाच्या मुलानं जवळच्या सरकारी शाळेत जावं. आणि पाचच आठवड्यांनी, 15 मार्चला, संचमान्यतेचे नवे निकष आले. त्यात सहावी ते आठवीचा पट वीसपेक्षा कमी असेल तर शिक्षक शून्य. ज्या शाळांकडे मुलं वळवायची, त्यांचेच शिक्षक काढायचे, असा हा कारभार. हे दोन निर्णय एकमेकांसमोर ठेवून पाहिले गेले असते, तर एकत्र टिकलेच नसते.

25 टक्क्यांच्या नियमाला उच्च न्यायालयानं 6 मे रोजी स्थगिती दिली आणि 19 जुलै 2024 रोजी तो रद्द केला. मधल्या काळात त्या वर्षीचे प्रवेश रखडले. संचमान्यतेच्या निकषांविरुद्ध शिक्षकांनी आंदोलनं केली, काही शाळा न्यायालयात गेल्या.