सोळाव्या वर्षी लर्निंग काढलं की स्कूटी चालते? नाही हो!

"सोळा झाले, लर्निंग काढलं, आता चालवू दे स्कूटी" हे वर्षानुवर्षं ऐकतोय, पण ते चूक आहे. १६ व्या वर्षी मिळणारं लायसन्स फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचं असतं, आणि घरोघरची स्कूटर तर शंभरच्या पुढची, म्हणजे तिला १८ पूर्ण लागतातच. आणि पोरगं पकडलं गेलं तर नुसती पावती फाडून सुटका असंही नाहीये, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १९९-अ नुसार पालक किंवा गाडीमालकच दोषी धरला जातो, ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीचं रजिस्ट्रेशन १२ महिने रद्द, पोराला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हतं" हे कोर्टात तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. चावी खुंटीवर टांगून ठेवत असाल तर आजच काढा प्लीज.