मोठं दुकान आणि फ्लाय शॉप: यलोस्टोनला निघण्याआधी एवढं वाचा

दर वर्षी मे-जूनमध्ये मला तोच फोन वेगवेगळ्या आवाजांत येतो. सिएटल, डेन्व्हर किंवा बे एरियातून कुणीतरी घरच्यांना घेऊन यलोस्टोन नॅशनल पार्कला निघालेलं असतं. एक दिवस फ्लाय फिशिंगसाठी, म्हणजे 'फ्लाय' नावाच्या अगदी हलक्या गळाने नदीत मासे धरण्यासाठी राखलेला असतो, आणि पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "सामान इथल्याच मोठ्या दुकानातून घेतलंय. तिकडच्या छोट्या दुकानांत तेच सगळं महाग मिळतं ना?"

तेच सगळं मिळत नाही. हे मी इतक्यांदा सांगितलंय की आता एकदाच नीट लिहून ठेवतो.

मोठं दुकान तुमच्या ओळखीचं आहे. हायवेलगतचं, तंबूपासून थर्मासपर्यंत सगळं ठेवणारं, परत केलेली वस्तू हसत घेणारं. तिथे जरूर जा. रेनकोट, टोपी, पोलराइज्ड चष्मा, मुलांसाठी पाण्यातले बूट तिथूनच घ्या. रॉडसुद्धा घ्या, हरकत नाही. ट्राउट या नदीतल्या माशासाठी ९ फुटी, ५ वेटचा साधा रॉड कुठूनही घेतला तरी पहिल्या वर्षी पुरतो.

फ्लाय शॉप म्हणजे नदीकाठच्या गावातलं, बहुधा एका कुटुंबाचं किंवा दोघा-तिघा भागीदारांचं दुकान. मोंटानातल्या वेस्ट यलोस्टोन या पार्कच्या पश्चिम दाराशी असलेल्या छोट्या गावात अशी अनेक दुकानं चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. उत्तरेला लिव्हिंग्स्टन गावात डॅन बेली यांनी आपलं दुकान १९३८ साली काढलं. वेस्ट यलोस्टोनच्या ब्लू रिबन फ्लाइजचे क्रेग मॅथ्यूज यांनी पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीच्या इव्हॉन शुइनार्ड यांच्याबरोबर २००२ साली 'वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट' सुरू केलं. विक्रीचा १ टक्का पर्यावरणासाठी द्यायचा, ही ती कल्पना. फ्लाय विकणाऱ्या माणसाला ती सुचली याचं मला नवल वाटत नाही, कारण नदी बिघडली तर त्याचं दुकान टिकत नाही.

किरकोळ फरक झटपट उरकतो. किंमत: नावाजलेल्या कंपन्यांचे रॉड आणि रीळ बहुतेक ठिकाणी एकाच भावाने मिळतात, त्यामुळे 'छोटं म्हणजे महाग' हे खरं नाही. पाटी: दारावर मोठ्या कंपनीचं नाव दिसलं म्हणून ते साखळीतलं दुकान ठरत नाही, बरीच स्वतंत्र दुकानं त्या कंपन्यांचा माल ठेवतात म्हणून ती पाटी असते. गाइड: बहुतेक फ्लाय शॉप दिवसाचा गाइड ठरवून देतात, पण गाइड घेतला नाही तर दुकानात जायचं नाही असं काही नाही.

गळाची सवय असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. गळ फेकताना वजन टोकाला असतं, शिसं किंवा आमिष पुढे जातं आणि दोरी त्याच्यामागे ओढली जाते. फ्लायला वजन जवळजवळ नसतंच, इथे वजन दोरीत असतं. जाड लाइन हवेत मागेपुढे उलगडते आणि फ्लायला आपल्याबरोबर नेते. रॉडवरचा '५ वेट' हा आकडा त्या लाइनचाच. हे बहुतेकांना व्हिडिओ बघून समजतं. घोटाळा होतो तो पुढे.

घोटाळा 'फ्लाय' या शब्दात आहे. लोकांना वाटतं फ्लाय ही एक वस्तू आहे, चांगली किंवा वाईट, स्वस्त किंवा महाग. म्हणून ते मोठ्या दुकानातून प्लॅस्टिकच्या डबीतल्या २० निवडक फ्लाय घेतात आणि विचारतात, "बेस्ट फ्लाय कुठली?" हा प्रश्न ऐकला की मला त्रास होतो. 'आज कुठल्या गाडीने जाऊ' असं विचारताना कुठे जायचंय हेच न सांगण्यासारखं आहे ते.

फ्लाय म्हणजे एका विशिष्ट किड्याची, त्याच्या आयुष्यातल्या एका विशिष्ट अवस्थेतली नक्कल. मेफ्लाय घ्या. तो जवळपास वर्षभर नदीच्या तळाशी दगडाखाली निम्फ म्हणून जगतो. एके दिवशी वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी त्याची कात फाटते आणि पंख बाहेर येऊ लागतात. या अर्धवट अवस्थेला इमर्जर म्हणतात. मग तो पाण्यावर उभा राहून पंख वाळवतो, तो डन. उडून झाडावर जातो आणि तिथे पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यानंतर कात टाकणारा कीटक जगात मेफ्लायशिवाय दुसरा नाही. शेवटी मीलन करून, अंडी टाकून, पंख पसरून पाण्यावर मरून पडतो, तो स्पिनर. किडा एकच, पण ट्राउटच्या ताटातले पदार्थ चार. आणि ऐन वेळी ट्राउट त्यातला एकच खात असतो.

का? कारण प्रवाहात उभं राहण्यातच माशाची ताकद खर्च होते. घासासाठी हलायचं तर तो हुकता कामा नये. कातीत अडकलेला इमर्जर पळू शकत नाही, डन कोणत्याही क्षणी उडून जातो. म्हणून नदीवर शेकडो डन तरंगत असताना मासा त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही आणि दोन बोटं खाली सरकून इमर्जर उचलत राहतो.

हे मी पुस्तकातून नाही, मॅडिसन नदीच्या पाण्यात उभं राहून शिकलो. जूनचा दुसरा आठवडा, दुपारची वेळ, पार्कच्या हद्दीतली मॅडिसन. फिकट पिवळे मेफ्लाय सगळीकडे, ट्राउट दर मिनिटाला वर येतायत, आणि माझ्याकडे घरून आणलेल्या डबीतली त्याच रंगाची, दिसायला अगदी तशीच फ्लाय. दीड तासात एकही मासा लागला नाही. गावात परत आलो, एका फ्लाय शॉपमध्ये शिरलो आणि काय झालं ते सांगितलं. काउंटरमागच्या बाईंनी फ्लायचं नाव विचारलं नाही, किंमतही सांगितली नाही. त्यांनी विचारलं, "मासा वर आला तेव्हा नाक दिसलं की पाठ?"

मी आठवून म्हटलं, "पाठ. पाठ आणि शेपटीचं टोक."

त्यांनी लाकडी कप्प्यांतून चार फ्लाय काढल्या. १६ आणि १८ नंबरच्या, मागे तपकिरी धाग्याची कात लोंबत असलेल्या. नाक दिसलं तर मासा पृष्ठभागावरून डन उचलतोय. फक्त पाठ आणि शेपटी दिसली तर तो पृष्ठभागाखाली इमर्जर खातोय. माझी फ्लाय डनची होती. रंग बरोबर, किडा बरोबर, अवस्था चुकलेली. चार फ्लायचे जेमतेम बारा-तेरा डॉलर झाले असतील. दुसऱ्या दुपारी त्याच वळणावर तीन ट्राउट लागले आणि तिन्ही पाण्यात परत सोडले.

मोठ्या दुकानाच्या डबीत हा प्रश्न नसतो. डबी भरणाऱ्याला ती मेन राज्यात उघडली जाणार की मोंटानात, मे महिन्यात की सप्टेंबरमध्ये, हे माहीत नसतं. त्यात त्याचा दोष नाही. पण म्हणूनच ती डबी आणि त्या बाईंच्या हातातल्या चार फ्लाय या एकाच जातीच्या वस्तू नव्हेत.

कोकणात गरवायला गेलेल्या कुणालाही हे पटकन उमगावं. आमच्याकडे गरी पाण्यात टाकण्याआधी माणूस तिथी बघतो, उधाण आहे की भांग (लहान भरती) ते बघतो, आणि जेट्टीवरच्या जुन्या माणसाला विचारतो, "आज पाणी कसं आहे?" गरी कुठल्या दुकानातली हे कुणी विचारत नाही. फ्लाय शॉपचं काउंटर म्हणजे त्या नदीची जेट्टी.

यावर हमखास उत्तर येतं: "पण नेटवर सगळं कळतं की." नदीचा प्रवाह कळतो, खरंय. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे मापक सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय ते सतत दाखवतात. पण नुसता आकडा बघून हे पाणी चालत ओलांडता येईल की नाही, कडेचे खडक बुडाले की उघडे आहेत, गढूळ आहे की स्वच्छ, हे परक्या माणसाला कळत नाही. त्या आकड्याला त्या वळणावर अर्थ देणारा माणूस लागतो.

सालमनफ्लायचं उदाहरण तर अगदी ठळक. हा बोटाएवढा नारिंगी स्टोनफ्लाय तीन-चार वर्षं पाण्याखाली काढतो आणि साधारण जूनअखेर ते जुलैच्या सुरुवातीला मॅडिसनच्या काठांवर चढून बाहेर पडतो. पण सगळ्या नदीवर एकाच दिवशी नव्हे. पाणी नदीच्या खालच्या अंगाकडून वर जसं तापत जातं, तसा हा किडाही रोज थोडा थोडा वरच्या अंगाला सरकतो. काल जिथे झुडपं किड्यांनी लगडलेली होती तिथे आज ट्राउट पोट भरून सुस्त. 'मॅडिसनवर सालमनफ्लाय जुलैत' हे वाक्य बरोबर असूनही तुमच्या दिवसासाठी निरुपयोगी आहे. आज तो कुठल्या पुलापर्यंत पोचलाय हे सकाळी सातला फ्लाय शॉपमध्ये कळतं, कारण काल तिथून गेलेले गाइड रात्री येऊन सांगून गेलेले असतात.

आणि कधी कधी चांगलं दुकान सांगतं की जाऊ नका. ओल्ड फेथफुल या गीझरजवळून (जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा झरा) वाहणारी पार्कातली फायरहोल नदी बघून प्रत्येकाला तिथे उतरावंसं वाटतं. पण तिच्यात गीझरचं गरम पाणी मिसळतं. जूनमध्ये आणि पुन्हा सप्टेंबरपासून ती सुंदर असते. ऐन जुलै-ऑगस्टच्या उन्हात ट्राउटला तिथे श्वास घेणं जड जातं. गरम पाण्यात प्राणवायू कमी, त्यात गळाशी झुंज, मग तुम्ही कितीही हळुवारपणे सोडला तरी मासा मरू शकतो. मोंटानात पाण्याचं तापमान सलग ३ दिवस ७३ अंश फॅरनहाइटला पोचलं की नदीवर दुपारी २ ते मध्यरात्र मासेमारी बंद होऊ शकते. 'हूट आउल' म्हणतात त्याला. जुलैत फायरहोलचं नाव काढल्यावर जो दुकानदार मान हलवून दुसरं पाणी सुचवतो, त्याच्याकडूनच मी सामान घेतो.

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न बहुधा येईल, "पार्कात की बाहेर?" तो कागदोपत्री वाटला तरी महत्त्वाचा आहे. मोंटाना राज्याचा परवाना यलोस्टोन पार्कात चालत नाही, तिथे पार्कचा वेगळा परवाना लागतो. पार्कात गळाच्या टोकाला उलटा काटा नको, शिसं नको, आणि फेल्टच्या तळव्याचे बूट नकोत, कारण ओल्या फेल्टमधून एका नदीतले परके जीव दुसऱ्या नदीत जातात. पार्कातल्या मॅडिसनवर आणि फायरहोलवर तर फक्त फ्लाय चालते. मूळच्या कटथ्रोट ट्राउटला सोडून द्यावंच लागतं. बूट घेण्याआधी हे विचारा. घरून नवेकोरे फेल्टचे बूट आणून तिथे दुसरा जोड घेणारे मी पाहिलेत, आणि मला त्यांच्या पैशांचं वाईट वाटलं.

आता ज्या गोष्टींचा मला मनापासून राग येतो त्या. कप्प्यांचा फोटो काढून त्याच फ्लाय रात्री ऑनलाइन मागवणं. अर्धा तास माहिती घेऊन काहीही न घेता निघणं. "तुमची सीक्रेट जागा सांगा" असं गर्दीत मोठ्याने विचारणं. ती माहिती फुकट मिळते म्हणून ती फुकटची नाही. कुणीतरी त्यासाठी वर्षानुवर्षं पहाटे त्या पाण्यात उभं राहिलंय. नोव्हेंबर २०२१च्या अखेरीस मॅडिसनवरच्या हेबगेन धरणाच्या दारात बिघाड होऊन खालचं पाणी एकाएकी ओसरलं, तेव्हा डबक्यांत अडकलेले मासे बादल्यांत भरून मुख्य प्रवाहात नेणारे लोक याच परिसरातले होते. तुम्ही घेतलेल्या सहा फ्लाय आणि टिपेटच्या (फ्लाय बांधायच्या टोकाच्या बारीक दोरीच्या) एका रिळावर अशा गावांचा हिवाळा निघतो.

टिपेटवरून आठवलं, तिथेही अडखळतात म्हणून सांगतो. आकडा मोठा तितकी दोरी बारीक. ११ मधून एक्सचा आकडा वजा करा, उरेल तितकी सहस्रांश इंच जाडी. म्हणजे ५एक्स ही ०.००६ इंच. गळाचंही तसंच: १८ नंबरचा गळ १४ नंबरपेक्षा लहान. फ्लायच्या नंबराला तीनने भागा, साधारण टिपेटचा एक्स मिळतो.

काउंटरवर जाताना तीन गोष्टी सांगा: पार्कात की बाहेर, किती तास हाताशी आहेत, आणि पाण्यात उतरणारं सगळ्यात लहान माणूस किती वर्षांचं आहे. मुलं बरोबर आहेत म्हटलं की चांगला दुकानदार उथळ, संथ पाणी सुचवतो. मग म्हणा, "आजसाठी सहा फ्लाय निवडून द्या." नाव विचारा, नंबर विचारा, आणि प्रत्येक फ्लाय किड्याची कुठली अवस्था आहे तेही विचारा. तेवढं कागदावर लिहून घ्या, कारण नदीवर पोचेपर्यंत सगळ्या सारख्याच दिसायला लागतात.

संध्याकाळी जमलं तर दुकान बंद व्हायच्या आत परत जा आणि काय घडलं ते सांगा. मासा लागला नसला तरी सांगा. किती वाजता किडे दिसले, कुठल्या वळणावर, वारा कधी सुटला, मासे वर आले तेव्हा नाक दिसलं की पाठ. उद्या सकाळी सातला दारात उभ्या राहणाऱ्या माणसाला त्यातलंच काहीतरी सांगितलं जाणार असतं.