आकड्याच्या चिठ्ठीपासून ॲपपर्यंत : कॉलेजातल्या जुगाराची पार्श्वभूमी

पूर्वी कॉलेजची मुलं जुगार खेळत नव्हती, असं नाही. होस्टेलवरची तीन पत्ती काही दिवाळीपुरती नसायची. पण मटका हा मुख्य धंदा, तो विद्यार्थ्यांवर चालत नव्हता.

मटक्याचं मूळ कापसात. कापसाचे ओपनिंग-क्लोजिंग भाव न्यूयॉर्कहून मुंबईला यायचे, त्यांवर सट्टा लागायचा. १९६१ मध्ये ते भाव येणं बंद झालं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत स्वतःचा आकडा काढायला सुरुवात केली, १९६४ मध्ये रतन खत्री आले. तीन पत्ते काढायचे, बेरजेतला शेवटचा अंक धरायचा : २, ५, ८ निघाले की १५, म्हणजे पंजा लागला. गिऱ्हाईक प्रामुख्याने गिरणी कामगार. १९८२ च्या संपानंतर तेही पांगलं. विद्यार्थ्याला आकडा लावायचा तर रोख पैसे हवेत, टपरीवर जायला हवं आणि गल्लीतलं कुणी बघणार नाही याची खात्री हवी. शिवाय ओपन, म्हणजे पहिला आकडा, लागला की क्लोजपर्यंत, म्हणजे दुसरा आकडा निघेपर्यंत, थांबणं आलंच.

पैशांचे खेळ चालवणाऱ्या ॲपवाल्यांना वाट मिळाली ती कोर्टाच्या जुन्या निकालातून. सिकंदराबादच्या एका क्लबवर १९६३ मध्ये धाड पडली होती. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६७ मध्ये निकाल लागला : रमी तीन पत्तीसारखी निव्वळ नशिबाची नाही, तिच्यात मुख्यतः कौशल्य लागतं. त्याच निकालात असंही होतं की पैसे लावून चाललेल्या डावातून क्लबमालक नफा कमवत असेल, तर गुन्हा होऊ शकतो. कंपन्यांनी पहिला भाग जाहिरातींत मिरवला. दुसऱ्याची आठवण कुणी काढली नाही.

२००८ मध्ये आयपीएल आली, त्याच वर्षी ड्रीम ११ ची स्थापना झाली : खऱ्या सामन्यातले खेळाडू निवडून आपली टीम लावायची, असा तो खेळ. २०१६ मध्ये यूपीआय आणि स्वस्त डेटा. २०२० च्या आयपीएलचं नावच ड्रीम ११ आयपीएल. मग रोकड लागेना, टपरी लागेना. मेसचे पैसे खात्यात असायचे, पिन टाकला की टीम लागायची. लेक्चर चालू असतानाही. हरलेले पैसे काढायला पुन्हा डाव, मग मित्राकडून उसने, मग लोन ॲप, आणि घरी फीचं कारण. याला नुसता नाद म्हणून भागत नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये जुगाराचा विकार दारूच्या व्यसनाच्या गटात घातला.

जुलै २०२५ मध्ये विधान परिषदेत मोबाईलवर रमी खेळल्याच्या आरोपावरून (त्यांनी तो नाकारला) राज्याच्या कृषिमंत्र्यांचं खातं बदललं. नवं खातं मिळालं क्रीडा व युवक कल्याण!

पुढच्याच महिन्यात संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. कौशल्य की नशीब, हा वादच कायद्याने निकालात काढला. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. ड्रीम ११ ने पैशांच्या स्पर्धा थांबवल्या. परदेशातून चालणाऱ्या सट्ट्याच्या साइट्सना मात्र टेलिग्रामवरून गिऱ्हाईक मिळतंच.