शिक्रा की पावशा? पट्टे सोडा, चोच आणि पाय बघा

सोसायटीच्या ग्रुपवर अधूनमधून एक फोटो येतोच. समोरच्या झाडावर बसलेला राखाडी पाठीचा, पट्टेदार शेपटीचा पक्षी, मोबाइलवर झूम करून करून धुरकट झालेला, आणि खाली प्रश्न: ‘हा ससाणा आहे का?’ निम्मे लोक ‘शिक्रा’ म्हणून मोकळे होतात. कुणी तरी हळूच ‘पावशा असेल’ असं लिहितं आणि मग दुपारपर्यंत वाद चालतो. वाद रास्त आहे, कारण हे दोन पक्षी भल्याभल्यांना चकवतात. ऑफिसला निघता निघता किंवा मुलांना स्कूलबसमध्ये बसवता बसवता पक्षी बघणाऱ्याला तर मोजून दहा सेकंदं मिळतात. तेवढ्यात नजर कुठे टाकायची हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.

शिक्रा हा शिकारी पक्षी. सरडे, उंदीर, खारीची पिल्लं, छोटे पक्षी, मोठे किडे यांवर तो जगतो. पूर्वीच्या काळी शिकारीसाठी पाळून शिकवला जाणारा हाच. मुंबईतल्या नौदलाच्या हवाई तळाला ‘आयएनएस शिक्रा’ असं नाव आहे. पावशाचं नाव कुणी लष्करी तळाला देईल असं वाटत नाही. कारण पावशा कोकिळेच्या कुळातला, किडे आणि सुरवंट खाणारा. दोघांत दूरचंही नातं नाही. आकारानं दोघेही पारव्याच्या आसपास. पावशा चोचीच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत साधारण ३४ सेंटीमीटर भरतो, शिक्रा बहुधा त्याहून आखूड पण अंगानं भरलेला. अंतरावरून हा फरक कळत नाही, तेव्हा आकाराच्या भानगडीत पडूच नये.

मग इतकं साम्य का? पावशा घरटं बांधत नाही. मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते, तेही त्यांच्या अंड्यांसारखंच निळं. शिकारी पक्ष्याचं सोंग घेतलं की छोटे पक्षी बिचकतात आणि दुसऱ्याच्या घरट्यापाशी जाणं सोपं होतं, असं या साम्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं. खुद्द पावशावर नाही, पण त्याच्या युरोपातल्या भाऊबंदावर, म्हणजे तिथल्या कोकिळेवर, याचा सुरेख प्रयोग झालेला आहे. डेव्हिस आणि वेलबर्गन या केंब्रिजच्या संशोधकांनी तो २००८ मध्ये प्रसिद्ध केला. बागेत दाणे टिपायला येणाऱ्या छोट्या पक्ष्यांसमोर त्यांनी पेंढा भरलेले पक्षी ठेवले. पट्टेवाल्या कोकिळेला हे पक्षी ससाण्याइतकेच घाबरले. पोटावरचे पट्टे नाहीसे केले, तेव्हा त्याच कोकिळेला त्यांनी निरुपद्रवी होल्याएवढीच किंमत दिली. पण ससाण्याचे पट्टे नाहीसे केले तरी त्याची दहशत कायम राहिली, आणि होल्याला पट्टे रंगवले तरी त्याला कुणी फारसं भ्यालं नाही.

म्हणजे पट्टे हे सोंगाचं मुख्य कापड. आपण नेमके तेच बघून नाव ठरवतो आणि फसतो. सोंग पिसांपुरतं असतं. चोच आणि पाय मात्र ज्याच्या त्याच्या खाण्याप्रमाणे घडलेले असतात, तिथे सोंग चालत नाही.

शिक्र्याची चोच आखूड, बुडाशी पिवळी आणि टोकाला खाली वळलेल्या आकड्यासारखी. एखादा शिक्रा सरडा घेऊन फांदीवर बसला की तो कसा खातो ते बघण्यासारखं असतं. एका पंजानं सरडा फांदीवर दाबून धरतो, मान खाली घालून आकड्यानं धरतो, वर ओढतो, आणि घास तुटून येतो. अधूनमधून मान वर करून चारी दिशा बघून घेतो. हे काम करायला पाय लांब आणि बळकट लागतात, बोटं सुटी लागतात, नख्या अणकुचीदार लागतात. म्हणून फांदीवर बसलेल्या शिक्र्याचे पिवळे पाय बहुतेक वेळा स्पष्ट दिसतात. तो पायांवर उभा असतो, छाती ताठ.

पावशाची चोच त्यामानानं सरळ आणि सडसडीत, टोकाशी किंचित बाक, पण आकडा नाही. तो केसाळ सुरवंट धरतो, चोचीत दाबून त्याच्या पोटातला मैला बाहेर काढतो, फांदीवर घासतो आणि अख्खा गिळतो. सुरवंटाचे केस पोटात साठले की त्यांची गोळी करून ओकून टाकतो. या सगळ्यात पंजाचं काम फक्त फांदी धरायचं. त्यामुळे पाय आखूड, पोटाच्या पिसांत जवळजवळ बुडालेले. बोटं दोन पुढे, दोन मागे. शिक्र्याची तीन पुढे, एक मागे. बोटं मोजायला दुर्बीण लागेल, पण फांदीवर पोट टेकवून बसल्यासारखी पावशाची बैठक नुसत्या डोळ्यांनीही कळते. माझ्या मते दहा सेकंदांत बघायची एकच गोष्ट निवडायची झाली तर ती हीच: पक्षी पायांवर उभा आहे की पोटावर बसलाय?

समोरून दिसला तर गळा बघावा. शिक्र्याच्या पांढऱ्या गळ्यावर मधोमध एक बारीक काळसर उभी रेघ असते. पावशाला तशी रेघ नसते. डोळ्यांचं म्हणाल तर नर शिक्र्याचा डोळा लालभडक, त्यात शंका उरत नाही. पिवळा डोळा मात्र काहीच सांगत नाही, कारण मादी शिक्र्याचाही पिवळसर असतो. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळं कडं असतं, ते उजेड चांगला असला तर चटकन नजरेत भरतं.

उडताना काम अवघड. चार-पाच वेळा पंख मारायचे, मग तरंगत जायचं, झाडाजवळ आलं की सूर मारून वर चढायचं आणि फांदीवर टेकायचं, हे दोघेही करतात. टेकल्यावर शेपूट डावी-उजवीकडे हलवण्याची शिक्र्याची लकबसुद्धा पावशानं उचललेली आहे. फरक इतकाच की शिक्र्याचे पंख आखूड आणि गोलसर, पावशाचे टोकदार. आणि आकाशात उंच, पंख पसरून गोल गोल घिरट्या घालणारा दिसला तर तो पावशा नव्हे.

‘बुलबुल ओरडायला लागले, खारी चिरचिरायला लागल्या, म्हणजे शिक्रा आलाय’ हा ठोकताळा बरेच जण सांगतात. तो शिक्र्यापुरता खरा आहे, पण तो वापरून पावशाला बाद करता येत नाही. पावशा आला तरी तोच आरडाओरडा होतो. बुलबुलही फसलेलेच असतात. त्यांच्या कल्लोळानं आपण खिडकीपाशी जावं, नाव मात्र स्वतः बघून ठरवावं.

आवाजात सोंग नाही. उन्हाळा तापला की पावशा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ सुरू करतो, प्रत्येक वेळी सूर थोडा वर, वेग थोडा जास्त, आणि एकदम खाडकन थांबतो. पावसाळ्यात तर चांदण्या रात्रीही झोपू देत नाही. शिक्र्याचा आवाज तीक्ष्ण, दोन तुकड्यांचा, ‘टी-टुई’ असा. त्यातही कोतवाल या पक्ष्याची लबाडी आहे. तो शिक्र्याची हुबेहूब नक्कल करतो, तेव्हा आवाज ऐकून लगेच यादीत नाव टाकू नये. हिवाळ्यात पावशा बहुधा मुका असतो. तो गेला असं लोकांना वाटतं, तो इथेच असतो, आणि गोंधळाचे फोटो जास्त येतात ते याच दिवसांत.

सगळ्यात कठीण परीक्षा पिल्लांची. शिक्र्याचं तरुण पिल्लू वरून तपकिरी, छातीवर आडव्या पट्ट्यांऐवजी उभे ठिपके आणि फराटे. पावशाचं पिल्लूही तपकिरी, त्याच्याही छातीवर ठिपके. इथे गळ्यावरची रेघ पुन्हा कामी येते. ती शिक्र्याच्या पिल्लालाही असते. आणि समोरचं पिल्लू पंख थरथरवत, तोंड वासून ओरडतंय आणि एक धुळकट सातभाई उड्या मारत येऊन त्याच्या घशात अळी कोंबतोय असं दिसलं, तर चोच-पाय काही बघायची गरज नाही, तो पावशाच.

फोटो काढायचा असेल तर पाठमोरा, पानांआडचा काढून उपयोग नाही. ओळख सुचवणारी अ‍ॅप्सही फोटोत जे दिसतं त्यावरूनच बोलतात. नुसती राखाडी पाठ आणि पट्टेदार शेपूट दाखवली तर तीही आपल्यासारखीच चुकतात. दोन पावलं सरकून एका बाजूनं एक फोटो घ्यावा, ज्यात चोच आणि फांदीवरचे पाय दोन्ही येतील. ते जमलं नाही आणि बस आली, तर वहीत ‘शिक्रा किंवा पावशा’ एवढंच लिहावं.