श्रीराम अभ्यंकर आणि शाळेतलं बीजगणित

य² = क्ष² + क्ष³. या समीकरणाचा आलेख एकदा हातानं वहीत काढून बघा. क्ष च्या जागी −१ ठेवलं की य शून्य येतो, शून्य ठेवलं की पुन्हा शून्य. या दोन ठिकाणांच्या मध्ये दोरीच्या फासासारखा एक वेटोळा तयार होतो आणि वक्ररेषा आरंभबिंदूपाशी स्वतःलाच छेदून पुढे निघून जाते. त्या छेदबिंदूवर मुंगी बसवली तर तिला सरळ कुठे जायचं ते ठरवता येणार नाही, कारण तिथे वाटा दोन आहेत.

अशा अडलेल्या बिंदूंची गाठ सोडवता येते का, या प्रश्नामागे गणितज्ञ श्रीराम अभ्यंकर यांनी आयुष्य घालवलं. आणि त्यांचं मुख्य हत्यार होतं शाळेतलं बीजगणित.

वरचीच गाठ सोडवून पाहू. आरंभबिंदूतून जाणाऱ्या रेषेचा चढ च धरा, म्हणजे य = च × क्ष. समीकरणात ही किंमत घालून दोन्ही बाजूंना क्ष² नं भागलं की उरतं च² = १ + क्ष. हा साधा, गुळगुळीत वक्र आहे, त्यात कुठेही छेद नाही. क्ष = ० असताना च ची किंमत १ किंवा −१ येते. म्हणजे जुन्या एका बिंदूच्या जागी आता दोन वेगळे बिंदू आहेत. चौकात एकमेकांना छेदणारे दोन रस्ते उड्डाणपूल बांधून वेगळ्या उंचीवर नेतात ना, तेच इथे झालं. उंचीचं काम चढानं केलं. दहावीच्या मुलाला जमेल इतकंच हे गणित आहे. मला ते आजही विलक्षण सुंदर वाटतं.

वक्ररेषेला एक मिती असते. पृष्ठभागाला दोन, त्यापुढे तीन, चार... मिती वाढल्या की एक गाठ सोडवताना दुसरी पडते. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पुढे शिकवू लागलेले गणितज्ञ ऑस्कर झारिस्की यांनी दोन आणि तीन मितींसाठी हा प्रश्न आपल्या नेहमीच्या संख्यांवर सोडवला होता. त्यांच्याकडे १९५० च्या दशकात मुंबईहून एक विद्यार्थी आला. २२ जुलै १९३० ला उज्जैनमध्ये जन्मलेला, ग्वाल्हेरमध्ये वाढलेला, गणिताच्या प्राध्यापकाचा मुलगा. अभ्यंकरांनी हाच प्रश्न पृष्ठभागांसाठी, पण 'घड्याळाच्या' अंकगणितात सोडवला. १९५५ ची त्यांची पीएच.डी. त्यावरच आहे.

हे घड्याळाचं अंकगणित इतकं अवघड का? तीनच तासांचं घड्याळ घ्या. तीन वाजले की काटा पुन्हा शून्यावर, म्हणजे ३ = ०. आता (अ + ब)³ चा विस्तार करा: अ³ + ३अ²ब + ३अब² + ब³. मधली दोन्ही पदं शून्य झाली, उरलं अ³ + ब³. ज्या चुकीसाठी वर्गात लाल रेघ मिळते, ती इथे बरोबर ठरते! आणि त्याच वेळी नेहमीची भरवशाची साधनं हातातून निसटतात. वर्गसमीकरण सोडवताना आपण पूर्ण वर्ग करतो. श्रीधराचार्यांची रीत भास्कराचार्यांनी 'बीजगणित' ग्रंथात उद्धृत केली आहे: दोन्ही पक्षांना वर्गपदाच्या गुणकाच्या चौपटीनं गुणा. दोन तासांच्या घड्याळावर चौपट म्हणजे शून्य. गुणून सगळंच पुसलं जातं. मोठ्या घातांना हीच अडचण ३ आणि ५ च्या घड्याळांवर येते. १९६६ मध्ये अभ्यंकरांनी तीन मितींचा प्रश्नही सोडवला, पण २, ३ आणि ५ ही घड्याळं वगळून. त्या तिघांसाठी पुढच्या पिढीला चाळीसेक वर्षं लागली.

झारिस्कींचेच विद्यार्थी हिरोनाका यांनी नेहमीच्या संख्यांवर सगळ्या मितींसाठी गाठ सोडवली, १९७० मध्ये त्यांना फील्ड्स पदक हा गणितातला सर्वोच्च मानला जाणारा सन्मान मिळाला. या यशाच्या उजेडात घड्याळाच्या बाजूचं काम सामान्य वाचकाला कमी माहीत झालं, याची मला हळहळ वाटते. पेरलेलं तिथेही उगवत होतं. १९५७ मध्ये अभ्यंकरांनी समीकरणांच्या सममितींबद्दल मांडलेला अंदाज १९९४ मध्ये रेनो आणि हारबेटर या गणितज्ञांनी सिद्ध केला, त्यासाठी दोघांना बीजगणितातलं कोल पारितोषिक मिळालं.

१९६३ पासून ते अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात होते. गणितात तेव्हा अतिशय अमूर्त भाषेची लाट आली होती. अभ्यंकर मात्र बहुपदी हातानं सोडवून दाखवण्याचा आग्रह धरत राहिले. तसा एक लेख त्यांनी बीजगणिताच्या इतिहासावर लिहिला आणि त्याला १९७८ चं शोव्हने पारितोषिक मिळालं. गणित सुबोध लिहिण्यासाठी दिला जाणारा तो मान आहे.

विज्ञानाचं धोरण दिल्लीतल्या बैठकांत ठरतं असं आपण धरून चालतो. अभ्यंकरांनी १९७६ मध्ये पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान काढलं, तोही धोरणाचाच निर्णय होता: संशोधन आणि शाळकरी मुलं एकाच छपराखाली. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरातल्या या संस्थेत ऑलिंपियाड या गणित स्पर्धांची तयारी करणारी मुलंही येतात, तिथेच संशोधकही बसतात.

२ नोव्हेंबर २०१२ ला पर्ड्यूजवळच्या घरी अभ्यंकर गेले. घड्याळाच्या अंकगणितात चार आणि त्याहून जास्त मितींची गाठ सोडवता येते का, याची सर्वमान्य सिद्धता अजून कुणाकडे नाही.